साक्षी आणि साक्ष

ताई,

मी ऐरोलीत राहतो, वय ५३. चार वर्षं झाली, सकाळी सहाच्या योगवर्गाला नियमाने जातो. गुडघे सुधारले, झोप सुधारली, घरच्यांच्या मते चिडचिडही कमी झाली. पण एका गोष्टीने सगळं नासलं आहे.

आमची सोसायटी ६४ घरांची. जूनमध्ये एका रात्री पाण्याचा पंप चालूच राहिला, खालची टाकी कोरडी पडली आणि मोटर जळली. बिल आलं १८,००० रुपये. कमिटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, रात्रपाळीचा वॉचमन झोपला होता. निम्मे पैसे त्याच्या पगारातून कापायचे आणि एजन्सीला सांगून माणूस बदलून घ्यायचा, असं ठरलं. मीही त्या अकरा जणांच्या कमिटीवर आहे. त्या रात्री सव्वाअकराला मी पहिल्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीत उभा होतो. सेक्रेटरींनी स्वतःच्या स्कूटरची चावी देऊन वॉचमनला स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक आणायला घणसोलीला पाठवलं. तो म्हणाला, "साहेब, पंप चालू आहे." हे म्हणाले, "मी बघतो, तू जा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सभेत मात्र बोललो नाही.

कारणही सांगतो. मागच्या वर्षी वडिलांना रात्री दोन वाजता झटका आला, तेव्हा स्वतःची गाडी काढणारे आणि हॉस्पिटलच्या बाकावर सकाळपर्यंत माझ्याबरोबर बसणारे हेच सेक्रेटरी. शिवाय वॉचमनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. इतर रात्री खुर्चीत घोरताना मी त्याला पाहिलेलं आहे.

वर्गातल्या एका ज्येष्ठ साधकांना विचारलं. ते म्हणाले, "पतंजलींनी अपुण्याची उपेक्षा करायला सांगितलं आहे. योग्याचं कर्म पांढरं नसतं आणि काळंही नसतं. साक्षी व्हा, सोडून द्या." घरी येऊन हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "साक्षी साक्षी करता, मग साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा कुठे गेला होतात?"

दोन महिने झाले. शवासनात डोळे मिटले की त्या माणसाचा चेहरा समोर येतो. योगात चांगलं-वाईट असं काही असतं का? असेल तर मी त्यात कुठे बसतो?

— नाव छापू नये, ऐरोली

ऐरोलीकर, नमस्कार.

तुमच्या पत्नीने माझं निम्मं उत्तर एका वाक्यात देऊन टाकलं आहे. मला जरा जास्त जागा लागेल, कारण पंचवीस वर्षं ठाण्यातल्या नौपाड्यात योगवर्ग घेतलेली बाई आहे मी, आणि आम्हा शिकवणाऱ्यांना थोडक्यात बोलण्याची सवय नसते.

सुरुवात तुमच्या ज्येष्ठ साधकांपासून करते. त्यांनी सांगितलेली दोन्ही सूत्रं खरी आहेत. सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर छापून येतात तसली बनावट नाहीत. फक्त दोन्ही अर्धी सांगितली गेली.

पहिलं समाधिपादातलं, म्हणजे पतंजलींच्या योगसूत्रांच्या चार पादांपैकी पहिल्यातलं, तेहतिसावं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि अपुण्य करणाऱ्याविषयी उपेक्षा, असं वळण लावलं की चित्त प्रसन्न होतं. हे सूत्र मला पतंजलींचं सगळ्यात घरगुती सूत्र वाटत आलं आहे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपल्या पोटात दुखतं, त्यावर मैत्रीचा उतारा. ऑफिसात दुसऱ्याचं कौतुक झालं की "त्यात काय मोठंसं" असं आपसूक तोंडातून निघतं, त्यावर मुदिता. ठाणे स्टेशनला वाशी लोकलमधून लोक उतरायच्या आत जो खांदा मारून आत घुसतो आणि खिडकी पटकावतो, त्याला आपण तुर्भे येईपर्यंत मनात शिव्या घालत राहतो, त्यावर उपेक्षा. त्याने खिडकी घेतली ती घेतलीच, वर आपली सकाळ कशाला द्यायची त्याला?

आता तुमच्या प्रकरणातली माणसं मोजू. एक सेक्रेटरी. त्यांच्याविषयी मनात विष साठवू नये, एवढी उपेक्षा त्यांच्या वाट्याला येते, मान्य. दुसरा वॉचमन. त्याचे ९,००० रुपये गेले, कामही गेलं. तो दुःखी. त्याच्या वाट्याला याच सूत्रातली करुणा येते. तुम्ही त्याला काय दिलंत? उपेक्षा. सूत्रातला दुसरा शब्द ज्याचा होता त्याला चौथा देऊन टाकलात, आणि त्याला साधना म्हणालात.

आणखी एक गोष्ट सांगते, ती वर्गांमध्ये सहसा सांगितली जात नाही. विभूतिपादातल्या, म्हणजे तिसऱ्या पादातल्या, तेविसाव्या सूत्रात पतंजली म्हणतात की मैत्री वगैरेंवर संयम केला, म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी तिथे एकवटली, की त्यांचं बळ मिळतं. तिथे भाष्य करताना योगसूत्रांचे जुने भाष्यकार व्यास फक्त तीनच नावं घेतात, मैत्री, करुणा आणि मुदिता. चौथ्याचं काय, तर ते स्पष्ट लिहितात की उपेक्षा ही भावना नव्हे, म्हणून तिच्यात समाधी नाही आणि तिच्यातून बळही येत नाही. दारावरच्या कडीसारखी ती आहे. वारा आत येऊ नये म्हणून लावायची. कडीकडे बघत ध्यान कुणी करत नाही. आणि बाहेर कुणी दार ठोठावत असेल तर ती काढावी लागते.

हे मी इतक्या ठसक्यात सांगते आहे, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एक बाई सगळे गेल्यावर मागे थांबल्या. वडिलांच्या पश्चात भावाने कसल्याशा कागदांवर सह्या घेऊन चरईतल्या दोन खोल्या स्वतःच्या नावावर केल्या होत्या. काय करू, असं त्या विचारत होत्या. मी सतरंज्या गोळा करत करत म्हणाले, "उपेक्षा करा. मन शांत ठेवा, सगळं होईल नीट." सतरंजी नीट घडी झाली की नाही याकडे माझं जास्त लक्ष होतं, हे मला आज आठवतं. त्या बाईंनी माझं ऐकलं. पाच-सहा वर्षांनी जांभळी नाक्याला भाजी घेताना भेटल्या. तेव्हा त्या दिव्याला भाड्याच्या घरात राहत होत्या. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. उलट हसून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून सोडून दिलं हो मी सगळं." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. पैसे न देताच मी चालायला लागले आणि भाजीवाल्याने मागून हाक मारली. त्यानंतर मी कुणालाही उभ्या उभ्या उपेक्षा सांगितलेली नाही.

दुसरं सूत्र कैवल्यपादातलं, म्हणजे चौथ्या पादातलं, सातवं. योग्याचं कर्म अशुक्ल आणि अकृष्ण असतं, इतरांचं तीन प्रकारचं. तुमच्या ज्येष्ठांनी पहिला भाग सांगितला आणि "इतरांचं" हा शब्द गाळला. व्यासांच्या हिशेबात कर्माचे एकूण चार कप्पे आहेत. दुरात्म्यांचं काळं. तप, स्वाध्याय, ध्यान यांचं पांढरं, कारण ते फक्त मनावर अवलंबून असतं, त्यात दुसऱ्याला धक्का लागत नाही. बाहेरच्या साधनांनी करायचं ते पांढरं-काळं मिसळलेलं. आणि चौथं, पांढरंही नाही आणि काळंही नाही असं. ते कुणाचं? ज्यांचे क्लेश, म्हणजे मनाचे मूळ दोष, क्षीण झाले आणि ज्यांचा हा शेवटचा देह आहे अशा संन्याशांचं. आता तुम्हीच सांगा, आपल्यापैकी कोण त्यात बसतं? मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढला तरी मला त्या रात्री झोप लागत नाही.

आपण सगळे तिसऱ्या कप्प्यातले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, संसार आहे तिथे ते येणारच. भात कांडला तर मुंग्या मरतात. गीतेच्या अठराव्या अध्यायातही अग्नी आणि धुराचा दाखला आहे, की कुठल्याही कामाला दोष चिकटलेला असतोच. पण चूल पेटवली की धूर होणारच, असं म्हणणारी बाई निदान खिडकी तरी उघडते. तुमचे ज्येष्ठ साधक म्हणतायत की धूर हा भासच आहे, खोकू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. योगात चांगलं-वाईट असतं का?

असतं. अगदी स्पष्टपणे असतं. दुसऱ्या पादात पुण्य आणि अपुण्य हे शब्द सरळ येतात, एकाचं फळ आल्हाद, दुसऱ्याचं परिताप. पण त्याची मांडणी आपण लहानपणी ऐकलेल्या राम-रावणाच्या गोष्टीसारखी नाही. पापी माणसांची एक रांग आणि पुण्यवानांची दुसरी, असं तिथे सापडत नाही. तिथे क्लेश सापडतात, पाच. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. यातला राग म्हणजे चिडणं नव्हे, ओढ. अभिनिवेश म्हणजे जिवाला चिकटून राहणं, मुळात मरणाचं भय, पण रोजच्या व्यवहारात त्याची लहान लहान पिल्लं असतात. माझं काय होईल, माझी जागा जाईल का, मला वाळीत टाकतील का. वाईट कृत्य या पाचांतून उगवतं. तेव्हा योगाचा प्रश्न "हा माणूस वाईट आहे का?" असा नसतो, "हे कुठून उगवलं?" असा असतो.

तुमच्या सभेला हा प्रश्न लावून बघा. सेक्रेटरी खोटं बोलले ते वॉचमनच्या द्वेषाने नव्हे, त्याच्याशी त्यांचं वैर असल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. "मी केकसाठी सोसायटीचा वॉचमन वापरला आणि पंप विसरलो" हे दहा लोकांसमोर कबूल करायला त्यांची अस्मिता तयार नव्हती. आणि तुम्ही? तुमच्यात थोडं भय, थोडा राग, म्हणजे ओढ, आणि या दोन्हींना कृतज्ञतेचा सुंदर सदरा घातलेला. अविद्येची व्याख्याच अशी आहे, की अशुचीला शुची समजणं, दुःखाला सुख समजणं. भित्रेपणाला कृतज्ञता समजणं हे त्याच यादीत घालायला पतंजलींची हरकत नसावी.

पहिल्या पादाच्या बाराव्या सूत्रावर व्यासांचं एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं. चित्त नावाची नदी दोन्हीकडे वाहणारी आहे, ती कल्याणाकडे वाहते आणि पापाकडेही वाहते. वर्गात हे सांगितलं की लोक मान डोलावतात, पण चेहऱ्यावर प्रश्न असतो, की नदी दोन्हीकडे कशी वाहील? तुम्हाला तो प्रश्न पडायचं कारण नाही. तुम्ही खाडीच्या काठी राहता. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात, तिथे कधी गेला असाल. २०१५ मध्ये त्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, तेव्हापासून गर्दी जरा जास्तच झाली आहे. पुढच्या वेळी पक्षी बाजूला ठेवून नुसतं पाणी बघा. भरतीला ते ठाण्याकडे चढत जातं, ओहोटीला तेच पाणी समुद्राकडे उतरतं. दिवसातून साधारण दोनदा असं आणि दोनदा तसं. गोडं पाणी एकीकडे जातंय आणि खारं दुसरीकडे, असा प्रकार नाही. पाणी एकच.

रात्री दोन वाजता गाडी काढणारा माणूस आणि सभेत खोटं बोलणारा माणूस असे दोन सेक्रेटरी नाहीत. तुम्ही गेले दोन महिने त्यातला खरा कोणता हे ठरवायला बघताय, आणि म्हणून अडकला आहात. त्यांना चांगलं मानलं तर तुम्ही वॉचमनचे गुन्हेगार ठरता, वाईट मानलं तर कृतघ्न ठरता. हा झगडाच सोडा. हॉस्पिटलच्या बाकावरची ती रात्र खरी आणि सभाही खरी. तसंच वॉचमनचं. इतर रात्री तो घोरत होता, हेही खरंच असेल. पण त्या रात्री तो झोपला नव्हता, आणि दंड त्या रात्रीचा लावला गेला. घोरल्याची शिक्षा करायची होती, तर घोरला त्या दिवशी करायची.

फक्त एका बाबतीत खाडीचा दाखला पुरत नाही. खाडीची दिशा चंद्र ठरवतो. मनाच्या बाबतीत व्यास "निम्न" हा शब्द वापरतात, म्हणजे सखल, उताराची बाजू. विवेकाच्या बाजूला उतार असेल तर नदी कल्याणाकडे जाते, अविवेकाच्या बाजूला असेल तर पापाकडे. आणि उतार आपणच खणत असतो, रोज थोडा थोडा, कळत नाही इतका. सभेच्या त्या दहा मिनिटांत तुम्ही काही ठरवलंत असं मला वाटत नाही. त्याआधी कधीतरी पार्किंगवरून कुणाला उगाच बोललं गेलं असेल, लिफ्टमध्ये कामवाल्या बायकांनी चढू नये असली पाटी लागली असेल, तेव्हा तुम्ही "कशाला आपण मध्ये पडा" म्हणून बाजूला झाला असाल. चर तयार होता. पाणी त्यातून गेलं.

तुम्ही विचारलंत की तुम्ही कुठे बसता. यावर योगसूत्रांत इतकं नेमकं उत्तर आहे, की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एखाद्या हिशेबनिसाची वही उघडल्यासारखं वाटलं होतं. साधनपादातलं, म्हणजे दुसऱ्या पादातलं, चौतिसावं सूत्र. हिंसा, असत्य वगैरे वितर्क, म्हणजे व्रताच्या उलट जाणाऱ्या गोष्टी, तीन प्रकारचे, कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केल्यावर मान्य केलेले. प्रत्येकाचं मूळ लोभ, क्रोध किंवा मोह. आणि प्रत्येक पुन्हा सौम्य, मध्यम किंवा तीव्र. तीन त्रिक नऊ, नवाचे त्रिक सत्तावीस. व्यास इथेही थांबत नाहीत, सौम्यातलं सौम्य, सौम्यातलं मध्यम असं करत ८१ पर्यंत नेतात.

या वहीत तुमची नोंद मी अशी करेन. असत्य. प्रकार अनुमोदित. मूळ मोह, कडेला किंचित लोभ, कारण असा सेक्रेटरी हाताशी असणं सोयीचं असतं. मात्रा मध्यम. मध्यम अशासाठी, की एका माणसाची रोजी त्यात गेली, नाहीतर सौम्य लिहिलं असतं.

दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून "अनुमोदित" हा तिसरा रकाना आखला, याचं मला अजूनही नवल वाटतं. आपल्या रोजच्या नीतीत तो रकाना नसतोच. मी कुणाचं घेतलं नाही, मी कुणाला मारलं नाही, झालं आपलं पुण्य. टेबलाभोवती अकरा माणसं बसली, एक खोटं बोलला, दहा जणांनी चहा प्यायला, असं रोज कुठे ना कुठे घडतं. त्या दहांपैकी नऊ जणांना खरं माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

तुमच्या पत्नीच्या वाक्यातली गंमत इथे आहे. आपल्या भाषेत साक्षी म्हणजे आत बसून सगळं बघणारा, आणि साक्ष म्हणजे बाहेर उभं राहून सांगायची गोष्ट. दोन्हींचं मूळ एक, अक्षि, म्हणजे डोळा. साक्षीभाव हा तुमच्या स्वतःच्या विचारांसाठी आहे. शवासनात भीती आली तर ती बघा, लाज आली तर ती बघा, तिच्यामागे वाहवत जाऊ नका. कमिटीच्या सभेत मात्र साक्षी होऊन बसायची सोय पतंजलींनी ठेवलेली नाही. तिथे यम, म्हणजे अहिंसा, सत्य वगैरे पाच व्रतं, लागू होतात, आणि यमांना त्यांनी महाव्रत म्हटलं ते जात, देश, काळ आणि प्रसंग यांची सूट नसेल तरच. सूट कशी असते, त्याचे व्यासांनी दिलेले दाखले मजेदार आहेत. मासे मारणारा म्हणतो, माझी हिंसा माशांपुरती, इतरत्र नाही. कुणी म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. कुणी म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. वाचताना मला आमची श्रावणातली कोंबडी आठवते, महिनाभर सुरक्षित. तुमचंही सत्य असंच, सगळ्यांशी, पण ज्याने आपल्यावर उपकार केले त्याला वगळून.

आता परितापाबद्दल. शवासनात चेहरा दिसतो म्हणून घाबरू नका. चार वर्षांच्या साधनेने एवढं तरी झालं, की पडदा पातळ झाला. आधी दिसला नसता. पण दोन महिने हा चेहरा बघून तुम्ही केलंत काय? रोज थोडं रडू, रोज थोडी लाज, आणि नऊ वाजता ऑफिसला. "मी किती वाईट" हा जप सुद्धा "मी"चाच असतो. त्यात वॉचमनला काय मिळतं? वितर्कांनी छळलं तर प्रतिपक्षाचं भावन करा, म्हणजे उलट बाजूचा विचार मनात घोळवा, असं सूत्र आहे. तिथे व्यास साधकाला स्वतःशी काय म्हणायला सांगतात, तर मी सर्व भूतांना अभय देऊन योगधर्माला शरण आलो होतो आणि आता टाकलेलं पुन्हा चाटायला निघालो, कुत्र्यासारखा. फार कडक बोलतात. मला त्यातला कुत्रा नको, अभय हा शब्द हवा. तुमच्या गेटवर १२ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला तुमच्याकडून अभय होतं का? आता जो नवीन आला आहे, त्याला आहे का? उद्या त्याला केक आणायला पाठवलं तर?

करायचं काय, ते सांगते. इथे मी योगशिक्षिका कमी आणि तीस वर्षं सोसायटीत राहिलेली बाई जास्त आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. सत्य म्हणजे काय हे सांगताना व्यासांनी अट घातली आहे, की वाणी सगळ्या जीवांच्या भल्यासाठी असावी, घातासाठी नसावी. घातासाठी वापरलेलं खरं हे पुण्य नव्हे, पुण्याभास. ग्रुपवर सगळ्यांसमोर सेक्रेटरींना नागडं केलंत तर तुम्हाला दोन दिवस फार बरं वाटेल, अंगठे येतील, आणि वॉचमन बाजूला पडून भांडण तुम्हा दोघांचं होईल. उपेक्षा वापरायची असेल तर ती इथे वापरा, त्यांना धडा शिकवायची जी खुमखुमी येईल तिच्यावर.

आधी एकटे त्यांच्या घरी जा. मुलांसमोर नको. वडिलांच्या त्या रात्रीचा विषय आधी काढा, मनापासून काढा, कारण ते ऋण खरं आहे. मग सरळ सांगा, सव्वाअकराला मी बाल्कनीत होतो, मी ऐकलं, आणि सभेत गप्प बसलो ही माझी चूक. स्वतःची चूक आधी. त्यांना स्वतः दुरुस्त करायची संधी द्या, पुढच्या सभेपर्यंत. माणूस बरा असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तो बरा वाटतो, तर बहुधा तो स्वतःच बोलेल. कदाचित थोडं फिरवून बोलेल, "गैरसमज झाला होता" वगैरे. चालेल. कबुलीजबाबाची भाषा तुमच्या मनासारखी असावी हा आग्रह नको.

नाही बोलले, तर तुम्ही कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि मिनिट्समध्ये नोंद करायला सांगा. पत्रात चार ओळी पुरेत, किती वाजता काय पाहिलं आणि काय ऐकलं. सेक्रेटरींच्या स्वभावावर एक शब्द नको. नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कायदाही हेच म्हणतो. तुमच्या सभेने त्याला बोलावलंच नसेल, तर हा मुद्दा पत्रात जरूर घाला. तो कुणाच्याच अंगावर व्यक्तिशः येत नाही आणि कमिटीला मागे फिरायला वाट मिळते. दहा माणसांना एकदम मागे फिरवायचं तर वाट लागते, लाज लावून कुणी फिरत नाही. संबंध थोडे बिघडतील. एखादी दिवाळी फराळाचं ताट यायचं नाही. ते सोसा.

एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवते. स्वतःच्या खिशातून ९,००० रुपये त्याला गुपचूप पाठवून मोकळं व्हावंसं वाटेल. पैसे द्यायला माझी ना नाही, कमिटीकडून मिळायला वेळ लागला तर जरूर द्या, त्याच्या घरी चूल पेटायची आहे. पण तेवढ्यावर सुटका करून घेऊ नका. पैसे परत आले तरी "ड्युटीवर झोपला" हा शिक्का एजन्सीत राहतो आणि पुढच्या गेटवर त्याच्याआधी पोचतो. तुम्हाला त्याला परत द्यायचंय ते त्याचं नाव. म्हणून तो निर्दोष होता हे, शक्य असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर, कमिटीला लिहून द्यायला लावा आणि एजन्सीच्या सुपरवायझरला भेटून ते द्या.

आणि त्याला भेटा. माफी मागायला शब्द जुळवू नका. फोनवर तर नकोच. तो कदाचित तुमच्याकडे बघणारही नाही, किंवा "जाऊ द्या साहेब" म्हणेल. "जाऊ द्या" म्हणाला तर ते लगेच क्षमा म्हणून खिशात घालू नका, त्याच्या जागी असलेल्या माणसाला साहेबांसमोर दुसरं काही म्हणता येत नाही. थोडा वेळ बसा, चहा घ्या, आता काम कुठे आहे ते विचारा.

त्याचा नंबर एजन्सी द्यायला खळखळ करेल. दिवसपाळीच्या वॉचमनला विचारा. त्यांच्याकडे एकमेकांचे नंबर असतात, आणि तो तुमच्यापेक्षा आधीपासून सगळं जाणतो.